बाटली सोडवायची कुणी?

गेल्या हिवाळ्यात, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, देवळी तालुक्यातल्या एका गावी आमच्या गटाची बैठक होती. रात्रीचे नऊ वाजलेले. दिवसभर वावरात वाकून आलेल्या पंचवीस-तीस बाया समाजमंदिरात दाटीवाटीनं बसल्या होत्या. आरोग्यावर बोलायला शहरातून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चार्ट लावला. चार्टवर हिरव्या साडीतली आई, तिच्या मांडीवर गुटगुटीत बाळ आणि बाजूला दुधाची बाटली. बाटलीवर लाल फुली.

बाई जे बोलल्या त्यातलं काहीही खोटं नव्हतं. वर्षाच्या मुलाला बाटली नको. निपलच्या खाचेत दूध साचतं, आंबतं, त्यातून जुलाब लागतात. रात्री बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की वरचे पुढचे दात किडतात. आडवं पडून दूध ओढलं की कान फुटतो. दिवसभर दुधावर राहिलेलं मूल भाकर-वरण खात नाही. दुधात लोह नसल्यासारखंच, म्हणून ते वरून गुबगुबीत दिसलं तरी आतून पांढरं पडतं. हे सगळं सांगून झाल्यावर बाईंनी शेवट केला, "एवढं काही कठीण नाही. आईनं फक्त मनावर घेतलं पाहिजे."

मागे बसलेली एक तरणी बाई उभी राहिली. कडेवर वर्षा-सव्वा वर्षाची पोर, पोरीच्या हातात बाटली. ती म्हणाली, "ताई, बाटली आत्ता फेकतो मी. पन मी सकाळी वावरात जातो, सांजच्याले येतो. मधात तिले वाटीनं दूध कोन पाजन? सासूले दिसत नाही. बाटली उशीले टेकवून देल्ली का पोट्टी पडल्या पडल्या पिते. वाटीले तर मानूस लागते ना बाप्पा!"

बाया हसल्या. पाहुण्या बाई चार्ट गुंडाळू लागल्या. मी गटाची जुनी कार्यकर्ती, मला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मीही गप्प बसले. त्या रात्रीपासून तिचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बाटलीला उशी पुरते, वाटीला माणूस लागतं. बाटली सोडवण्याचा सगळा प्रश्न एवढाच आहे. आपल्या चार्टांत आणि भाषणांत तो माणूस कोण, हे कुठंच लिहिलेलं नसतं. लिहायची गरजच वाटत नाही, कारण तो माणूस म्हणजे आई, हे आपण सगळ्यांनी आधीच धरून चाललेलो असतो.

वर्ध्याच्या माणसांना हा विषय नवा नाही. ३ डिसेंबर १९९१ रोजी स्तनपानाचा प्रसार करणारं देशव्यापी जाळं, ज्याला सगळे बीपीएनआय म्हणतात, त्याची स्थापना वर्ध्यातच झाली. त्याच्या आधी दहा वर्षं, मे १९८१ मध्ये, जागतिक आरोग्य परिषदेत बाळदुधाच्या जाहिरातबाजीला आवर घालणारी संहिता मंजूर झाली होती. ११८ देश बाजूनं आणि एकटी अमेरिका विरोधात. मग १९९२ च्या डिसेंबरात आपल्या संसदेनं कायदा केला, १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला आणि २००३ मध्ये त्यात आणखी कडक दुरुस्ती झाली. पावडरच्या दुधाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात बंद. फुकट नमुने वाटणं बंद. डब्यावर हसऱ्या बाळाचं चित्र बंद. हा कायदा सहजासहजी झाला नाही. डॉक्टरांनी, ग्राहक चळवळीनं, बाईच्या आरोग्यासाठी लढणाऱ्यांनी तो खेचून आणला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो कायदा आजही जिवापाड जपला पाहिजे. कंपन्या सुधारल्यात असं कुणी समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेनं दाखवून दिलं की, नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती आणि त्याच कंपनीच्या युरोपातल्या तशाच मालात ती नव्हती.

म्हणजे मी बाटलीची वकिली करायला बसलेली नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. कंपनीला आपण जाब विचारला, सरकारला विचारला, आईला तर रोजच विचारतो. घरातल्या एका माणसाला मात्र आपण तीस वर्षांत काहीच विचारलेलं नाही.

आता माझंच सांगते. कायदा लागू झाला तेव्हा माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. आम्ही चार-पाच जणी दुकानादुकानांतून फिरून डब्यांवरची चित्रं तपासायचो, दुकानदारांशी भांडायचो. आणि माझ्या घरी मोरीच्या कट्ट्यावर तीन बाटल्या उलट्या वाळत पडलेल्या असायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तीन महिन्यांची रजा संपली तशी सासूबाईंनी पोर सांभाळायला घेतली आणि त्यांच्या सोयीनं बाटली आली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे गुडघे दुखायचे, स्वयंपाकही त्याच करायच्या. दुपारी बाटली हाच त्यांचा विसावा होता.

कुणी कार्यकर्ती घरी आली की मी त्या बाटल्या ओट्याखाली ढकलायची. वर्षभर मी ही लाज एकटीनं बाळगली. माझा नवराही चळवळीतला. स्तनपानावर तो माझ्यापेक्षा चांगलं भाषण करायचा. त्याला कधी लाज वाटली नाही, कारण पोरीच्या तोंडातली बाटली हा त्याच्या हिशेबी माझा प्रश्न होता.

मुलगी तेरा महिन्यांची असताना मला बारा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला नागपूरला जावं लागलं. त्याच आठवड्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. घरी बाप आणि लेक. मी रोज रात्री रडायची. परत आले तर बाटल्या शिंक्यावर कोरड्या ठणठणीत, आणि पोर स्टीलच्या छोट्या पेल्यातून दूध पिते आहे! निम्मं फ्रॉकवर, पण पिते आहे. मी विचारलं, हे कसं झालं? तो म्हणाला, "बाटल्या उकळायचा कंटाळा आला. दोन दिवस रडली, मग प्यायला लागली."

मी पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, वर्षभर स्वतःला बोल लावले, आणि बाटली सुटली ती त्याच्या कंटाळ्यानं! पण नीट पाहिलं तर कंटाळ्यानं नव्हे. ते बारा दिवस त्यानं रजा घेतली होती. सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्यासमोर मांडी घालून बसायला एक माणूस होता, ज्याला त्या वेळी दुसरं काही काम नव्हतं. मला आणि सासूबाईंना तो वेळ कधी मिळालाच नव्हता.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कौतुकानं सांगितली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला माझ्या हातात देत तो म्हणाला, "घे, आता तू आलीस." त्यानंतर त्यानं तिला कधी भरवलं नाही. बारा दिवसांत आलेली कला त्यानं तेराव्या दिवशी सोडून दिली. त्याच्या दृष्टीनं ती माझ्या गैरहजेरीतली बदली होती. जमत नाही म्हणून बाप करत नाही, हे मी तेव्हापासून कुणाच्या तोंडून ऐकून घेत नाही. जमतं. आई समोर असली की करावंसं वाटत नाही.

आपल्या रीती बघा. मूल सहा महिन्यांचं झालं की उष्टावण. खिरीचा पहिला घास मामा भरवतो. पाट, रांगोळी, नवं अंगडं, आहेर. त्या एका घासासाठी पुरुष लागतो. मग दुसरा घास, दहावा घास, वर्षाचे हजार घास कोण भरवतं? आई, आजी, आणि नाही तर नऊ वर्षांची बहीण. आमच्या आज्यांच्या वेळी रबरी निपल नव्हतं, बोंडलं होतं, चोच असलेली लहानशी वाटी. बोंडल्यानं दूध पाजायलाही मूल मांडीवर घेऊन बसावंच लागायचं. बसणारी बाईच होती. घरात तेव्हा बाया जास्त होत्या, एवढाच फरक. जुन्या काळी सगळं छान होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता त्या तरण्या बाईच्या वावरात जाऊ. वेचणीची मजुरी किलोवर असते. तास-दीड तास चालून लेकराला पाजायला घरी यायचं म्हणजे तितके किलो गेले. लेकरू धुऱ्यावर आणून ठेवलं तर ऊन, विंचू आणि फवारणीचं औषध. म्हणून ते घरी. घरी म्हातारी किंवा मोठी पोरगी. वेचणीच्या दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर कुणाच्या नावापुढे फुल्या पडतात, ते मी नोकरीची सगळी वर्षं पाहिलं आहे. भाऊ वर्गात असतो, बहीण धाकट्याला घेऊन घरी असते. १९३७ साली ज्या वर्ध्यात नई तालीमची परिषद भरली, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. बाटली एका मुलाचे दात किडवते, हे चार्टवर आहे. ती धरायला थांबलेल्या पोरीची शाळा बुडते, हे चार्टवर नाही.

आणि दूध तरी केवढं! गवळाऊ गाय मूळ आमच्याच जिल्ह्यातली. पण मजुराच्या घरात पाव लिटर दूध येतं, त्यात तेवढंच पाणी जातं आणि ते दिवसभर पुरवायचं असतं. बाटलीत पांढरं दिसलं की पोर पोटभर प्याली असं वाटतं.

वेचणीला मुख्यतः बाया असतात. त्या दिवसांत दुपारी गावातून एक चक्कर मारा. पानठेला भरलेला दिसेल. सगळेच पुरुष तिथं नसतात हे मला कळतं. कुणी गठ्ठे वाहतो, कुणी गाडी हाकतो, कुणी कामासाठी गाव सोडून गेलेला असतो. पण जे आहेत त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी त्याच वेळी लेकरू उशीला टेकवलेली बाटली ओढत पडलेलं असतं? सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के बाया रोज घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्या बाईचे त्यात सुमारे १४० मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ७४. म्हणजे पाचांतले चार पुरुष लेकराच्या वाटेला जातच नाहीत, आणि जो जातो तो बाईच्या निम्म्यावर थांबतो.

ज्या जिल्ह्यात गांधींच्या शब्दाखातर पुरुषांनी सूत कातलं, आश्रमात संडास साफ केले, त्या जिल्ह्यातल्या पुरुषाला वाटी-चमचा हातात धरायची लाज का वाटावी?

काही मैत्रिणी म्हणतील, दिवस बदललेत, आता तरुण बाप पुष्कळ मदत करतात. या 'मदत' शब्दाचा मला राग येतो. दुसऱ्याच्या कामाला मदत करतात. माझी तीच पोर आज आई आहे. तिचा मुलगा नुकताच वर्षाचा झाला. दोघं नोकरी करतात. त्याची रात्रीची बाटली सुटत नव्हती. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, दिवसाचं मी बघते, रात्रीचं तुझं, आणि ती दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. तीन आठवडे लागले. पाचव्या रात्री जावयानं हरून बाटली परत दिली. ती उठली नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कामाच्या जागी सकाळी एक तास उशिरा येऊ द्या म्हणून विचारलं, तर "मिसेस घरी नाहीत का?" असं उत्तर मिळालं. आणि शेजारणी माझ्या लेकीला काय म्हणाल्या? "आई असून झोपतेस बाई खुशाल!" रात्रभर जागणाऱ्या बापाचं सोसायटीभर कौतुक, आणि त्याच्या जागण्याचं पाप आईच्या माथी. मलाही पहिल्या दोन रात्री उठून जावंसं वाटलं होतं. हे मी कबूल करते, कारण आपल्या आतली सासू आपल्याला बोलल्याशिवाय राहत नाही.

सरकारची नजर तरी कुठं वेगळी आहे? आपल्या राज्यानं २०१८ साली कर्मचारी बायांना मूल सांभाळण्यासाठी १८० दिवसांची रजा दिली. पुरुषाला ती कधी? बायको वारली असेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर! बायको धडधाकट आहे तोवर बाप हा बाप नाहीच, असंच हे म्हणणं झालं. २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. कापसाच्या वावराला आस्थापना कोण म्हणणार? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, असं लिहिलेलं होतं. आम्ही ज्या कामांवर गेलो तिथं ती बाई हजेरीपटापुरती होती. अंगणवाडी आहे, पण तिथं बसवतात तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना. वर्षाच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचं पाकीट येतं. ते शिजवून भरवायला पुन्हा माणूस लागतो!

हे होऊ शकत नाही असं नाही. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मजूर बायांची लेकरं मातीत लोळताना मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. कामाच्या जागेवर पाळणाघर चालतं, हे तेव्हाच सिद्ध झालेलं आहे. २०२२ पासून केंद्राची 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायची. ती आपल्या गावात आली का, हे ग्रामसभेत आपण विचारलं पाहिजे.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं म्हणणं रोखठोक मांडते.

पहिलं, आपले चार्ट बदला. मांडीवर बाळ घेऊन वाटी धरलेला बाप काढा. आणि ही बैठक फक्त बायांची घेणं बंद करा. बाटली सोडवायचे धडे पुरुषांना द्या. धडे साधे आहेत. एका वेळची बाटली आधी बंद करायची, दुपारची सोपी. चार-पाच दिवसांनी दुसरी. रात्रीची सर्वांत शेवटी. पेल्यात दोन घोट दूध घ्यायचं, सांडलं तर सांडू द्यायचं, साखर घालायची नाही. दिवसाला दोन-अडीच कपांपेक्षा जास्त दूध नको. आधी जेवण, मग दूध. वरणात कुस्करलेली भाकर, मऊ भात, केळं, अंडं, शेंगदाण्याचा कूट, घरात जे असेल ते. आई अंगावर पाजत असेल तर ते दोन वर्षं आणि पुढंही चालू राहू द्यायचं, बाटलीशी त्याचं भांडण नाही. मूल रडेल. रडणाऱ्या मुलाजवळ बसून राहायला ताकद लागते. पुरुषांना ताकदीचा अभिमान असतो, तर ती इथं दाखवा.

दुसरं, पाळणाघर मागा, वेचणीच्या वेळेला जुळणारं, सकाळी बायांच्या आधी उघडणारं. आणि ते अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर फुकट लादू नका. मानधनावर राबणाऱ्या बाईच्या खांद्यावरून दुसऱ्या बाईची सुटका करणं याला मी सुटका म्हणत नाही. वेगळी माणसं नेमा, त्यांना पुरा पगार द्या. त्यात पुरुषही नेमा.

तिसरं आपल्या स्वतःसाठी. पोराच्या तोंडात बाटली दिसली की आईला झापायचं, हे आजपासून बंद. पहिला प्रश्न हा विचारायचा, "याचा बाप कुठं आहे?" आणि दुसरा, "तू वावरात असतेस तेव्हा याच्याजवळ कोण असतं?"

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी बैठकीला पुरुषांनाही निरोप धाडला होता. सात जण आले, दोघं दारातच उभे राहिले, एक जण मधूनच उठून गेला. त्या तरण्या बाईचा नवरा आला नव्हता. पोरीच्या हातात बाटली अजून आहे. मी तिला काही बोलले नाही. नवऱ्याला भेटायला त्याच्या घरी जायचं ठरलं आहे, आणि पाळणाघराचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. पुढं काय होतं ते या पानांवर कळवीनच. तुमच्या गावात वर्षाच्या लेकराला दुपारी कोण भरवतं, तेही लिहून पाठवा.